फुप्फुसाच्या कॅन्सरवर प्रकाशाचा उपचार: दवाखान्यातली आठ मिनिटं आणि घरातला दीड महिना

माझ्या मोठेबाबांच्या श्वासनळीच्या फांदीत कॅन्सर सापडला तेव्हा तो तुरीच्या दाण्याएवढा होता. चाळीस वर्षांची बिडी, त्यात जुना टीबी. फुप्फुसात दम इतका कमी उरला होता की त्याचा तुकडा कापून काढणं त्यांना झेपणार नव्हतं, आणि रेडिएशनही नको असं डॉक्टरांचं मत पडलं. मग त्यांनी फोटोडायनॅमिक थेरपी सुचवली. दवाखान्यात तिला सगळे पीडीटीच म्हणतात. शिरेतून एक औषध द्यायचं, दोन दिवस थांबायचं आणि मग श्वासनळीत घातलेल्या दुर्बिणीतून (ब्रॉन्कोस्कोप) गाठीवर लाल प्रकाश टाकायचा. ऐकायला एवढं सोपं.

दवाखान्यातलं काम खरंच सोपं निघालं. अवघड होतं ते गावी परतल्यावरचं, आणि तेच आम्हाला कुणी नीट समजावलं नव्हतं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात. घर कवेलूचं, पुढे टिनाची पडवी, संडास अंगणाच्या त्या टोकाला. अशा घरात ज्याच्या अंगाला ऊन चालत नाही असा माणूस कसा सांभाळायचा, ते आम्ही चुकत चुकत शिकलो. तुमच्या घरी ही वेळ आली तर निदान आमच्या चुका तरी तुमच्या वाट्याला येऊ नयेत.

आधी हे बघा: हा उपचार तुमच्या माणसासाठी आहे का?

फुप्फुसाच्या प्रत्येक कॅन्सरवर पीडीटी चालत नाही. ज्या लाल प्रकाशावर ती चालते तो मांसात जेमतेम अर्धा ते एक सेंटिमीटर शिरतो. त्यामुळे गाठ मोठ्या श्वासनलिकांच्या आतल्या अस्तरावर, दुर्बिणीला दिसेल अशी आणि उथळ असावी लागते. एक सेंटिमीटरच्या आतली असेल तर गुण येण्याची आशा सगळ्यात जास्त. जपानमध्ये झालेल्या आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा सुरुवातीच्या ५९ गाठींपैकी ५० पूर्ण नाहीशा झाल्या होत्या. गाठ फुप्फुसाच्या कडेला असेल, गळ्यातल्या किंवा छातीतल्या लसीका ग्रंथींपर्यंत पसरली असेल, तर हा मार्ग नाही. म्हणून सीटी स्कॅन, दुर्बिणीची तपासणी, गाठीच्या तुकड्याचा (बायॉप्सीचा) रिपोर्ट आणि बहुधा पेट स्कॅन (PET, कॅन्सर अंगात कुठे पसरला ते दाखवणारा) हे सगळं आधी होतं. हे सोडून कुणी थेट 'लेझरने जाळून टाकू' म्हणत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

ऑपरेशन झेपणाऱ्या माणसाला डॉक्टर सहसा ऑपरेशनच सांगतात आणि ते बरोबर आहे. अमेरिकेत १९९८ साली या उपचाराला फुप्फुसासाठी परवानगी मिळाली तीही ज्यांना ऑपरेशन आणि रेडिएशन दोन्ही देता येत नाही अशांसाठी. 'कापाकापी नको' एवढ्याच कारणाने पीडीटी मागू नका.

खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. आपल्याकडे गाठ इतकी लहान असताना सापडतच नाही. खोकला आला, बेडक्यात रक्त दिसलं, की पहिला संशय टीबीचा. तो घ्यायलाच हवा, टीबी आपल्या भागात आहेच. पण थुंकी तपासली, टीबी निघाला नाही, तरी 'असूनही शकतो' म्हणून महिनोन्महिने गोळ्या चालू राहतात आणि तेवढ्यात गाठ वाढते. मोठ्या नळीतली छोटी गाठ साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून चाळिशीच्या पुढचा, बिडी ओढणारा माणूस तीन आठवड्यांहून जास्त खोकत असेल, रक्त पडत असेल आणि टीबीची तपासणी निगेटिव्ह असेल, तर सीटी आणि दुर्बिणीबद्दल तुम्ही स्वतः विचारा. लाजू नका. मोठेबाबांच्या बाबतीत आमच्या मोठ्या आईने हट्ट धरला, म्हणून तो दाणा सापडला.

औषध काय करतं, हे घरातल्या सगळ्यांना सांगा

कोडावर बावची लावून उन्हात बसवतात, हे आपल्या बायाबापड्यांना माहीत असतं. बावचीतला अंश उन्हाशिवाय काम करत नाही. पीडीटीची जात तीच. पोर्फिमर सोडियम हे औषध, फोटोफ्रिन या नावाने मिळतं, एरवी अंगात गप्प पडून असतं. लाल प्रकाश पडला की ते जागं होतं आणि आसपासच्या ऑक्सिजनला असं रूप देतं की त्या पेशी मरतात, गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक शिराही बंद पडतात. इथे उष्णतेने जाळणं नाही. हा प्रकाश जाळतो ही समजूत दूर करा, कारण 'लेझर' म्हटलं की म्हातारी माणसं घाबरतात.

(बावचीचं नाव काढलंच आहे तर सांगते: या काळात बावचीचं तेल किंवा लेप अंगाला अजिबात लावू नका.)

हे औषध बऱ्याच अवयवांतून दोनेक दिवसांत निघून जातं. गाठीत मात्र ते रेंगाळतं, म्हणून तर उपचार होतो. पण ते कातडीतही रेंगाळतं, आणि तिथून पुढचा सगळा त्रास सुरू होतो. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने याच जातीचं औषध स्वतःला टोचून घेतलं आणि ऊन लागताच त्याचा चेहरा अन् हात भयंकर सुजले; पुढे कित्येक आठवडे त्याला ऊन सोसलं नाही. ही गोष्ट मी मोठेबाबांना सांगितली तेव्हा कुठे त्यांनी हातमोजे घालायला होकार दिला.

निघण्याआधी

ही सोय थोड्याच दवाखान्यांत असते आणि औषध आधी मागवावं लागतं. म्हणून पेशंटला गाडीत बसवायच्या आधी फोन करून तीन गोष्टी पक्क्या करा: औषध आलं का, यंत्र चालू आहे का, खर्चाचा अंदाज लेखी मिळेल का. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला उपचाराचं नाव घेऊन विचारा. नुसतं 'कॅन्सर बसतो का' विचारलं तर तो हो म्हणेल आणि बिलाच्या वेळी घोळ होईल. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासात रेल्वेचं स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते; त्यासाठी दवाखान्याच्या सहीशिक्क्याचा ठरावीक फॉर्म लागतो. तो पहिल्याच भेटीत भरून घ्या.

चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत टाकून न्या, अगदी गावच्या डॉक्टरने दिलेल्या सुट्या पुड्यांसकट. काही औषधं स्वतःच कातडी उन्हाला हळवी करतात: डॉक्सिसायक्लिन आणि त्या जातीची अँटिबायोटिक्स, सल्फाच्या गोळ्या, शुगरच्या ग्लिबेनक्लेमाइडसारख्या गोळ्या, बीपीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, नायट्यावरचं ग्रिसिओफल्विन. दोन्ही एकत्र आलं की धोका वाढतो. बंद काय करायचं ते डॉक्टर ठरवतील, मनाने शुगरची गोळी सोडू नका. पोर्फिरिया नावाचा आजार असलेल्यांना हे औषध देतच नाहीत. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला भिडली असेल तरीही नाही.

ऋतूचंही बोला. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उकाड्यात नखशिखांत जाड कपड्यात गुंडाळलेल्या माणसाला उष्माघात व्हायची भीती असते. डॉक्टर म्हणाले की दोन-चार आठवडे इकडे तिकडे चालतील, तर पावसाळा किंवा हिवाळा गाठा. पण ते 'थांबू नका' म्हणाले तर उन्हाळा असला तरी थांबू नका. गाठ ऋतू पाहून वाढत नाही.

दवाखान्यातले दिवस

पहिल्या दिवशी शिरेतून इंजेक्शन. वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम या हिशेबाने, तीन ते पाच मिनिटांत, हळूहळू. टोचताना आग झाली किंवा तिथे फुगलं तर लगेच सिस्टरला सांगा. औषध शिरेबाहेर सांडलं तर ती जागा निदान महिनाभर प्रकाशापासून झाकावी लागते.

इंजेक्शन संपलं त्या क्षणापासून माणूस उन्हाला हळवा झाला. प्रकाश टाकायचा असतो ४० ते ५० तासांनी, आणि मधल्या काळात 'दोन दिवस घरी जाऊन येतो' हा विचार करू नका. खोलीतली पेशंटची खाट खिडकीपासून दूर घ्यायला लावा.

तिसऱ्या दिवशी दुर्बीण. तिच्यातून बारीक अशी काचेची तार गाठीपर्यंत नेतात आणि ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतात. तो ५०० सेकंद चालतो, म्हणजे आठ मिनिटं वीस सेकंद. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं चिमटं असतं ना, त्यातही प्रकाश असतो. ते एकाच बोटाला तासन् तास राहू देऊ नका, अधूनमधून बोट बदलायला सांगा.

मग दोनेक दिवसांनी पुन्हा दुर्बीण, मेलेली गाठ आणि साचलेला चिकट बेडका काढायला. ही दुसरी दुर्बीण टाळायचा मोह होतो, कारण पेशंट म्हणतो आता बरं वाटतंय. टाळू नका. मेलेला भाग सुजून नळी बंद झाली तर दम कोंडतो, आणि आपल्या गावापासून दुर्बिणीचा दवाखाना तीन-चार तासांवर असतो. कधी कधी त्याच इंजेक्शनवर दुसऱ्यांदा प्रकाश देतात, पहिल्या इंजेक्शनपासून ९६ ते १२० तासांच्या दरम्यान. म्हणून धर्मशाळेत किंवा नातेवाइकाकडे आठवडाभराची सोय धरूनच जा.

जपानमध्ये २००३ पासून टालापोर्फिन हे दुसरं औषध वापरतात. त्यात चार ते सहा तासांतच प्रकाश देतात आणि उन्हाचं पथ्यही बरंच कमी, साधारण दोन आठवड्यांचं. तुमच्या डॉक्टरांनी कोणतं औषध दिलं त्याचं नाव कागदावर लिहून घ्या. पथ्याचे दिवस त्यावर ठरतात. पुढचं सगळं मी फोटोफ्रिनबद्दल लिहिते आहे.

परतीचा प्रवास: आमची चूक

मुंबईहून संध्याकाळी सुटणारी विदर्भ एक्सप्रेस सकाळी वर्ध्याला येते. रात्रभराचा प्रवास, मग ऊन कुठून लागणार, असा आमचा हिशेब. स्टेशनपासून गावापर्यंतची जीप आमच्या हिशेबातच नव्हती. मोठेबाबांनी चहाचा कप धरायला डाव्या हाताचा मोजा काढला आणि तो हात खिडकीशी तसाच राहिला. काच बंद होती. दहा मिनिटांत ते म्हणाले, "हात चुनचुन करून राह्यला." संध्याकाळपर्यंत पंजा टम्म सुजला आणि रात्री फोड आले. आठवडाभर त्यांना त्या हाताने भाकर मोडता आली नाही.

खिडकीची काच या उन्हाला अडवत नाही, कारण हे औषध डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशानेच जागं होतं. त्याच कारणाने दुकानातलं सनस्क्रीन इथे कामाचं नाही; ते अतिनील किरणांसाठी असतं. ढगाळ दिवसही सुरक्षित नाही. कातडी सावळी आहे म्हणून चालेल, हेही खरं नाही. औषध घेतलेला प्रत्येक माणूस हळवा असतो.

शक्य असेल तर अंधार पडल्यावर गावात पोचेल अशी गाडी धरा. नाही जमलं तर कपडे असे: पूर्ण बाह्यांचा जाड सदरा, पँट, मोजे, बूट, हातमोजे, रुंद कडांची टोपी, तोंडावर कापड. आपला नेहमीचा सुती दुपट्टा पुरत नाही. कापड विजेरीसमोर धरून पाहा. आरपार उजेड दिसला तर ते कापड नको. आम्ही जीन्सच्या कापडाचा बुरखाच शिवून घेतला. डोळ्यांना चार टक्क्यांहून कमी प्रकाश आत येऊ देणारा गडद चष्मा हवा, तो चष्म्याच्या दुकानातून सांगून घ्या. जत्रेतला गॉगल नको.

घर: अंधार नको, ऊन नको

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. ऊन चालत नाही म्हणून आम्ही मोठेबाबांना धान्याच्या कोठीत ठेवायला निघालो होतो. ते रडवेले झाले. "म्हंजे आता महिनाभर मले कोठीत कोंडता का?" डॉक्टरांना फोन लावला तेव्हा ते रागावले, आणि योग्यच रागावले. घरातला साधा मंद उजेड पेशंटला हवाच. त्या उजेडाने कातडीतलं औषध हळूहळू निकामी होत जातं. महिनाभर काळोखात ठेवलं तर ते तसंच साठून राहतं, आणि माणूस बाहेर आला की तेव्हा भाजतो. साधा बल्ब लावा, टीव्ही बघू द्या, चार माणसांत बसू द्या. फक्त अगदी जवळून तोंडावर पडणारा दिवा, हॅलोजन, दवाखान्यातला ऑपरेशनचा किंवा दातांच्या डॉक्टरचा दिवा टाळा. डोळ्यांची प्रखर दिव्याखालची तपासणीही महिनाभर पुढे ढकला.

आता खोली. दुपारी बारा वाजता तिच्यात उभं राहून वर पाहा. कवेलू सरकलेला असला की जमिनीवर रुपयाएवढे उन्हाचे ठिपके पडतात. ते ठिपके तासातासाला सरकत खाटेवर येतात. आम्ही जमिनीवर खडूने त्यांच्या जागा आखल्या, मग वरून ताडपत्री टाकली. टिनाला खिळ्यांची भोकं असतात, ती डांबराने बुजवा. कूलर खिडकीत बसवलेला असेल तर त्याच्या कडेच्या फटी जुन्या रजईने बंद करा, पण वारा खेळता ठेवा. आणि समोरच्या चुन्याच्या पांढऱ्या भिंतीवरून उलटून येणारं ऊनही लक्षात घ्या. दारात पडदा हवा.

संडास अंगणापलीकडे असेल तर बुरख्याशिवाय दिवसा जाणं नाही. पहाटे आणि दिवेलागणीनंतरची वेळ लावून घ्यायची, मधल्या वेळेसाठी खोलीत खुर्चीचा कमोड किंवा भांडं. म्हाताऱ्या माणसाला याची फार लाज वाटते. मोठेबाबा पहिल्या आठवड्यात पाणीच कमी प्यायचे, उठावं लागू नये म्हणून. ते ध्यानात आल्यावर मोठ्या आईने पाण्याचा तांब्या मोजायला सुरुवात केली. तुम्हीही मोजा.

हिवाळा सोयीचा असला तरी त्याचा एक धोका आहे: सकाळी ऊन खायला बसायची सवय. सत्तर वर्षांची सवय पाय आपोआप अंगणात नेते. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी प्रेमाने हाक मारतं, "या ना, उन्हात बसा."

चुकून ऊन लागलंच तर आधी आत आणा, थंड पाण्याचं ओलं फडकं ठेवा, ती जागा झाका आणि डॉक्टरांना फोन करा. टूथपेस्ट, शाई, राख लावू नका. फोड फोडू नका.

छातीकडे लक्ष

पहिले काही दिवस खोकला वाढतो, छाती दुखते, थोडा ताप येतो, बेडक्यात तपकिरी-काळसर तुकडे आणि रक्ताच्या रेघा दिसतात. याला घाबरू नका, पण वहीत तारीख टाकून लिहा. ताजं लाल रक्त तोंडभर आलं, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायला लागला, बोलताना वाक्य पुरं होईना किंवा थंडी वाजून ताप भरला, तर १०८ ला फोन करा आणि भर दुपार असली तरी निघा. अशा वेळी घोंगडी गुंडाळून न्या, पण उन्हाच्या भीतीने थांबू नका. गाडीत आणि दवाखान्यात पहिलं वाक्य हेच सांगायचं: या माणसाला उजेडाने जागं होणारं औषध दिलं आहे. औषधाचं नाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात कायम असू द्या.

पुढे काही महिन्यांत, जखम भरताना नळी आकसू शकते. बरा झालेला दम पुन्हा हळूहळू वाढू लागला तर त्याला वयाचं नाव देऊन सोडून देऊ नका, दुर्बिणीची तारीख घ्या.

बिडी सुटली पाहिजे. ज्या नळीतून एक गाठ गेली तिच्याच शेजारी दुसरी यायला तीच बिडी पुरेशी असते. सरकारी क्विटलाइन १८००-११-२३५६ फुकट आहे.

पथ्य कधी संपलं हे कसं ओळखायचं

कॅलेंडरवर ३० दिवस झाले म्हणून बाहेर काढू नका. कुणाला ३० लागतात, कुणाला ९० किंवा त्याहूनही जास्त. डॉक्टरांना विचारून अशी परीक्षा घ्या: कागदी पिशवीला दोन इंचांचं भोक पाडा, ती हातावर कोपरापर्यंत चढवा आणि भोकातून दिसणाऱ्या कातडीला दहा मिनिटं ऊन दाखवा. चेहऱ्यावर ही परीक्षा कधीच नाही. २४ तास वाट पाहा. लाली, सूज, फोड काही नाही, तर रोज थोडं थोडं करत बाहेर पडायला सुरुवात. काही उमटलं तर आणखी दोन आठवडे पथ्य आणि पुन्हा परीक्षा. पावसाळ्यात पास झालेल्या माणसाने ऑक्टोबरचं कडक ऊन सुरू झालं की ती पुन्हा घ्यावी.

मोठेबाबांच्या पहिल्या परीक्षेत दोन इंचांचा लाल गोल उमटला. ते दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. पंधरा दिवसांनी काहीच उमटलं नाही. तिसऱ्या दिवशी ते टोपी घालून, दिवस कलल्यावर, पऱ्हाटीच्या धुऱ्यापर्यंत जाऊन आले. दुर्बिणीची पुढची तारीख दारामागे खडूने लिहिलेली आहे, आणि तिच्याखाली गाडीची वेळ.